होसे रिझाल यांच्या प्रवासाच्या वह्या आणि त्यांचे वाचन

आपला प्रश्न असा आहे की, फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष आणि लेखक होसे रिझाल यांच्या कादंबऱ्यांविषयी आणि हौतात्म्याविषयी सगळीकडे वाचायला मिळते, परंतु त्यांनी प्रवासात काढलेली चित्रे, केलेल्या नोंदी आणि त्यांचे वाचन यांविषयी कोणी नीट सांगेल का, आणि वाचायला सुरुवात कोठून करावी. नोकरीनिमित्त मी चार वर्षे मनिलात राहिलो. तेथे रविवारी सकाळी इंत्रामुरोस या जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत, सांतियागो किल्ल्यातल्या रिझाल स्मारकात जाऊन बसण्याची मला सवय लागली होती. अभ्यासक म्हणवून घेण्याइतका माझा अधिकार नाही, पण या माणसाचे लेखन मी प्रेमाने आणि पुन्हा पुन्हा वाचले आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

प्रथम माझे मत सांगतो. रिझाल यांचा प्रवास आणि त्यांचे वाचन ही दोन प्रकरणे वेगळी करता येत नाहीत. नवा मुलुख ते पुस्तकासारखा, ओळ न चुकवता वाचत, आणि पुस्तक वाचताना एखाद्या अनोळखी गावात हिंडावे तसे प्रत्येक दारापाशी थांबून चौकशी करत. हे लहानपणापासूनचे आहे. १८६१ साली लागुना प्रांतातल्या कालांबा गावी त्यांचा जन्म झाला. घरी पुस्तके भरपूर होती. आपल्या आठवणींत ते सांगतात की, एका रात्री आई, तेओदोरा आलोन्सो, त्यांच्याकडून वाचन करून घेत होती आणि पुस्तकाच्या पानांवर त्यांनी काढून ठेवलेल्या वेड्यावाकड्या चित्रांबद्दल ती त्यांना रागावली. मग तिने दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाची गोष्ट वाचून दाखवली, पण मुलाचे लक्ष खोबरेल तेलाच्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या खऱ्या पतंगांकडे होते. या प्रसंगाचा उपयोग त्यांच्या बलिदानाचे भाकीत म्हणून बहुतेक चरित्रकार करतात. मला त्यात अधिक मोलाचे वाटते ते हे की, पुस्तकाच्या पानावर चित्र काढणारा आणि वाचता वाचता समोरचे जग निरखणारा तो मुलगा पुढे कधी बदललाच नाही.

३ मे १८८२ रोजी ते 'साल्वादोरा' या बोटीने मनिलाहून निघाले, तेव्हा त्यांचे एकविसावेही पूर्ण झाले नव्हते. आईवडिलांना कल्पना न देता थोरले भाऊ पासियानो यांनी ही सारी व्यवस्था केली होती. सिंगापुरात त्यांनी 'जेमना' ही फ्रेंच बोट धरली आणि सिलोन, एडन, सुएझ असे करत जूनच्या मध्याला ते मार्सेयला पोहोचले. या प्रवासाची त्यांची दैनंदिनी उपलब्ध आहे. एकटेपणा घालवण्यासाठी बोटीवर ते सहप्रवाशांची रेखाचित्रे काढत. मनिलात शिकलेली फ्रेंच त्यांनी बोटीवरच्या लोकांशी बोलून पाहिली, ती कोणाला कळेना, तेव्हा ते रोज सराव करू लागले. सुएझच्या कालव्यावर चांदणे पडलेले पाहून त्यांना कालांबाची आठवण झाली. सिलोनमधले गॉल बंदर त्यांना सुंदर, पण एकाकी आणि उदास वाटले. एडनचे ऊन मनिलापेक्षा कडक आहे, हेही त्यांनी टिपले. घरातून लपून निघालेल्या एका तरुणाची ही वही आहे. त्यामुळे तिच्यात प्रत्येक बंदराची तुलना शेवटी घराशी होते.

माद्रिदमध्ये वैद्यकाचे शिक्षण झाले आणि पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सेचा अभ्यास झाला. हा सर्व तपशील कोणत्याही चरित्रात मिळेल, म्हणून तो मागे टाकतो. हायडेलबर्गमधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ३१ जुलै १८८६ रोजी त्यांनी फर्डिनंड ब्लुमेनट्रिट या बोहेमियातल्या शिक्षकाला पत्र लिहिले आणि सोबत स्पॅनिश व तागालोग अशा दोन्ही भाषांत छापलेले अंकगणिताचे एक पुस्तक पाठवले. ब्लुमेनट्रिट यांनी फिलिपिन्सचा आयुष्यभर अभ्यास केला, पण तो देश कधीही पाहिला नाही. ज्याने आपला देश केवळ पुस्तकांतून पाहिला, अशा माणसाला त्या देशाच्या माणसाने पुस्तकच पाठवावे, हे मला फार सुंदर वाटते. पुढच्या वर्षी मे महिन्यात रिझाल त्यांना भेटायला त्यांच्या गावी, लाइटमेरिट्झला गेले. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते, म्हणून स्टेशनवर ओळख पटावी यासाठी रिझाल यांनी पेन्सिलीने काढलेले स्वतःचे चित्र आधी पाठवून दिले होते. त्या मुक्कामात त्यांनी ब्लुमेनट्रिट यांचेही चित्र काढून त्यांना भेट दिले.

त्याआधीचा बर्लिनचा हिवाळा उपासमारीचा गेला होता. 'नोली मे तांगेरे' या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित तयार होते, पण छपाईला पैसे नव्हते. मॅक्सिमो व्हिओला या मित्राने ३०० पेसो दिले, तेव्हा मार्च १८८७ मध्ये तिच्या २,००० प्रती छापल्या गेल्या. खर्च आटोक्यात राहावा म्हणून रिझाल यांनी एक संपूर्ण प्रकरण काढून टाकले होते.

आता १८८८ सालाकडे येतो, कारण प्रवासी आणि वाचक म्हणून रिझाल मला सर्वांत जवळून दिसतात ते याच वर्षी. मायदेशी परतल्यानंतर स्पॅनिश सत्तेवर टीका करणाऱ्या कादंबरीमुळे तेथे राहणे धोक्याचे झाले, म्हणून ते हाँगकाँग आणि जपानमार्गे अमेरिकेला निघाले. जपानमध्ये सुमारे दीड महिना राहून ते जपानी शिकले. २८ एप्रिलला 'बेल्जिक' ही बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली, तेव्हा तिला क्वारंटाईनमध्ये ठेवण्यात आले. बोटीवर एकही आजारी माणूस नव्हता, तसा अमेरिकी वाणिज्यदूताचा दाखलाही होता. परंतु शेकडो चिनी प्रवासी होते आणि निवडणुकीच्या दिवसांत चिन्यांविरुद्ध कडक धोरण दाखवून मते मिळवायची होती. लंडनला पोहोचल्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रात रिझाल यांनी हे कारण स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. त्यातला तपशील पाहा: माणसांना बोटीवर अडकवून ठेवले, पण बोट लागली त्याच दिवशी रेशमाच्या ७०० गाठी धुरी न देता उतरवल्या गेल्या आणि बोटीचा डॉक्टरही खुशाल किनाऱ्यावर जाऊन आला. त्या पत्रात रिझाल कोणावर चिडून ओरडत नाहीत. ते गाठी मोजतात. अमेरिकेविषयीच्या त्यांच्या मताची पोस्टरवर छापली जाणारी वाक्ये आपण ऐकली असतील, पण माझ्या दृष्टीने या ७०० गाठींचा आकडा त्या वाक्यांहून अधिक बोलका आहे. पुढे आगगाडीने खंड ओलांडताना ते दैनंदिनीत थोडक्यात नोंदी करत राहिले. नायगारा पाहिला, तेव्हाही तुलना घराशीच झाली: तो प्रचंड आणि भारदस्त आहे खरा, पण आमच्या लागुनातल्या धबधब्याइतका देखणा नाही.

मराठी वाचकासाठी येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच १८८८ साली पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या, आणि त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे मराठी प्रवासवृत्त पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. दोघांची गाठ पडली नाही, पण एकाच काळात आशियातली दोन माणसे तो देश वहीत उतरवून घेत होती. ही दोन लेखने शेजारी ठेवून मी एकदा वाचली आणि मला फार लाभ झाला.

लंडनला प्रिमरोझ हिलजवळ एका कुटुंबाकडे खोली घेऊन रिझाल राहिले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसू लागले. त्यांना तेथे मोलाची मदत झाली ती इंडिया ऑफिसचे ग्रंथपाल राइनहोल्ड रोस्ट या संस्कृत पंडिताची. रिझाल यांना हवा होता तो आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने लिहिलेला आणि १६०९ साली मेक्सिकोत छापलेला फिलिपिन्सचा इतिहास. प्रती दुर्मिळ होत्या, म्हणून रिझाल यांनी तो आख्खा ग्रंथ हाताने उतरवून काढला, त्यावर टिपा लिहिल्या आणि पॅरिसमध्ये तो पुन्हा छापून घेतला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी आमच्या बेटांवर काय होते, हे शत्रुत्व नसलेल्या जुन्या साक्षीदाराच्या तोंडून आपल्या लोकांना ऐकवावे, हा हेतू होता.

या टिपांपैकी एक मी कधी विसरणार नाही. मोर्गाने लिहिले होते की, येथील लोकांना मासा सडून वास मारू लागला की अधिक आवडतो. रिझाल तळटिपेत उत्तर देतात की, हा मासा म्हणजे बागुओंग. ज्याने तो खाल्ला आहे त्याला ठाऊक आहे की तो सडलेला नसतो आणि नसावाही. पुढे ते म्हणतात की, सवय नसलेल्या अन्नाची प्रत्येक राष्ट्राला किळस वाटते: स्पॅनिश माणसाला गोगलगायी खाताना पाहून इंग्रजाला कसेसे होते, इंग्रजाचे कच्चट बीफस्टेक स्पॅनिश माणसाला सहन होत नाही आणि चिनी माणसाला रोकफोर चीज नकोसे वाटते. मी ही टीप वाचली त्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी कैरीच्या फोडी आणि वाटीभर बागुओंग माझ्यापुढे ठेवले. मीठ लावून मुरवलेल्या कोळंबीचा तो तांबूस, ओलसर गोळा होता, आणि फोडीच्या टोकाने तो जेमतेम उचलायचा असतो. सुकट-जवळ्याच्या वासात वाढलेल्या मला तो वास परका वाटलाच नाही. आंबट कैरी आणि तो खारट, खोल स्वाद जिभेवर एकत्र आला, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचे रिझाल यांना एवढे का लागले असेल, ते मला जेवणाच्या टेबलावर उमगले.

या ग्रंथाला प्रस्तावना ब्लुमेनट्रिट यांची आहे. तिच्यात त्यांनी रिझाल यांचे कौतुक तर केलेच, पण गतकाळातल्या घटना आजच्या कल्पनांनी तोलण्याची चूकही स्पष्ट दाखवली. रिझाल यांनी ती टीका आपल्याच ग्रंथात जशीच्या तशी छापली. वाचक म्हणून त्यांची थोरवी मला या एका गोष्टीत दिसते.

चित्र आणि वाचन यांची सर्वांत गोड भेट मात्र माकड आणि कासवाच्या गोष्टीत आहे. केळीचे एक झाड दोघांना सापडते. माकड पानांचा शेंडा घेते, कासवाच्या वाट्याला बुंधा येतो आणि बुंधाच रुजतो. केळी लागल्यावर माकड वर चढून सगळी एकटेच खाते, म्हणून कासव बुंध्याभोवती अणकुचीदार शंख पेरून ठेवते. जखमी माकड कासवाला पकडून विचारते, उखळात कुटू की पाण्यात फेकू? कासव गयावया करते की काय वाटेल ते कर, पण पाण्यात टाकू नकोस. मग पुढे काय होते, ते पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्याला सांगायला नको. पॅरिसमध्ये मित्राच्या घरी पाझ पार्दो दे तावेरा यांच्या अल्बममध्ये पाने रिकामी होती; त्यांवर रिझाल यांनी ही गोष्ट चित्रांतून सांगितली. पुढे, १८८९ साली, रोस्ट यांच्या नियतकालिकात त्यांनी याच गोष्टीची जपानमधल्या माकड-खेकड्याच्या गोष्टीशी तुलना करणारा लेख लिहिला. लहानपणी ऐकलेली कथा, जपानचा प्रवास आणि लंडनचे वाचन अशा तीन गोष्टी त्या छोट्या लेखात एकत्र आल्या आहेत.

शेवटच्या वर्षांविषयी थोडेच लिहितो. १८९२ ते १८९६ ही चार वर्षे ते मिंदानाओ बेटावरच्या दापितान येथे हद्दपारीत होते. तेथे त्यांनी मुलांना शिकवले, डोळ्यांची शस्त्रक्रिया केली आणि प्राण्यांचे नमुने गोळा करून जर्मनीला पाठवले. उडत्या सरड्याच्या एका जातीला त्यांचे नाव दिले गेले. ३० डिसेंबर १८९६ रोजी बंडाच्या आरोपावरून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी शेवटची कविता स्पिरिटच्या लहान स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती दिली होती, आणि मृत्यूच्या दिवशी त्यांच्या जीवनसंगिनी जोसेफाइन ब्रॅकन यांना स्वाक्षरी करून जी वस्तू दिली, ते भक्तिपर पुस्तक होते. सांतियागो किल्ल्यातून वधस्थळाकडे जाणारी त्यांची पावले आता कांस्यात उमटवलेली आहेत. मी तेथून चालताना त्यांच्या बाजूने चालत असे, पावलांवर पाय ठेवत नसे.

आता कोठून सुरुवात करावी. कादंबऱ्यांपासून करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. १९६१ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या आठवणी, प्रवासाच्या दैनंदिन्या आणि पत्रे इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्यांतली १८८२ ची दैनंदिनी आधी घ्या, मग १८८८ ची, आणि त्यानंतर मोर्गाच्या ग्रंथावरच्या टिपा. 'नोली' त्यानंतर वाचा. तिचे १९१२ चे इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य मिळते, आणि एव्हाना लेखकाची नजर आपल्या ओळखीची झालेली असेल. ब्लुमेनट्रिट यांच्याशी झालेला पत्रव्यवहार मात्र क्रमानेच वाचा. अंकगणिताच्या पुस्तकासोबत गेलेल्या पहिल्या पत्रानंतर दहा वर्षे आणि पाच महिन्यांनी, कोठडीतून लिहिलेले शेवटचे पत्र येते. उद्या सकाळी सात वाजता मला गोळ्या घालतील, मी बंडाच्या आरोपातून निर्दोष आहे आणि माझ्याविषयी कधी वाईट विचार मनात आणू नका, एवढेच त्यात आहे. एवढ्या सगळ्या वर्षांत त्या दोघांची प्रत्यक्ष भेट झाली होती ती लाइटमेरिट्झच्या त्या मुक्कामात, एकदाच.