एलायझा आणि उंदीर वेगवेगळं सांगतात तेव्हा

एफएसएच, म्हणजे अंडाशयातली बीजपुटकं वाढवणारं हार्मोन, याच्या नमुन्यात एलायझा (अँटिबॉडी वापरून रेणू मोजणारी चाचणी) भरपूर हार्मोन दाखवते आणि उंदरांवरच्या चाचणीत परिणाम जेमतेम दिसतो, म्हणून लगेच एक पद्धत चुकीची ठरवू नकोस. एलायझातली अँटिबॉडी रेणूचा आकार ओळखते. तो काम करतो का, हे तिला कळत नाही. 1953 सालची स्टीलमन-पोली चाचणी कोवळ्या माद्यांना एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनसोबत एफएसएच टोचून अंडाशयाचं वजन बघते, म्हणजे प्रत्यक्ष काम मोजते. पेशींवरची चाचणी या दोहोंच्या मधली, आणि खरा घोळ इथेच होतो: सियालिक आम्ल (रेणूवरच्या साखरेच्या साखळीचं टोक) गळालेला रेणू पेशींवर उत्तम चालतो, पण प्राण्याच्या शरीरात यकृत त्याला झटपट रक्तातून काढून टाकतं.

माणसांसाठीचं किट म्हशीच्या नमुन्याला थेट लावू नकोस. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सगळ्या प्राण्यांत तेच, एफएसएच मात्र प्रजातीगणिक बदलतं. आधी नमुना टप्प्याटप्प्याने विरळ करून त्याची रेषा प्रमाण वक्राला (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या रेषेला) समांतर जाते का बघ. नसेल तर तुलना तिथेच थांबव. आणि दोन पद्धतींच्या आकड्यांतल्या नुसत्या सहसंबंधावर विसंबू नकोस गं. तो 0.95 आला तरी एक पद्धत कायम दुप्पट आकडा देत असू शकते. दोन पद्धतींतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा ब्लँड-ऑल्टमन आलेख काढ, मग आपण दोघी बसून बघू.