इस्लाम म्हणजे अल्लाहला शरण जाणं, तर मग माणसाच्या हातात काय उरतं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, सगळं अल्लाहवर सोपवायचं तर माणसानं हातावर हात धरून बसायचं का? आणि दोन, दिवसातून पाच वेळा कपाळ जमिनीला टेकवणं ही गुलामीच नाही का?

पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' याला इस्लाममध्ये शरणागती म्हणत नाहीत. मी मुसलमान घरातच वाढलो, त्यामुळे 'नशिबात असेल ते होईल' हे पुष्कळ ऐकलंय. बहुतेक वेळा ते आळसावर घातलेलं पांघरूण असतं.

इथे सगळे 'आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव' ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगतात. मला त्यापेक्षा खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे मुसलमानांचे प्रमुख, उमर यांचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. तो सहीह बुखारी या हदीसांच्या संग्रहात आहे. उमर शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला निघाले होते. सर्घ या ठिकाणी सेनापती अबू उबैदा आणि इतर सरदार त्यांना सामोरे आले आणि पुढे प्लेगची साथ असल्याचं सांगितलं. उमर यांनी आधी मुहाजिरांना, म्हणजे मक्का सोडून मदिनेत आलेल्यांना, बोलावून विचारलं. त्यांच्यात एकमत होईना. मग अन्सारांना, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या मदिनेतल्या मुसलमानांना, विचारलं, तिथेही तेच. शेवटी कुरैश या मक्केतल्या टोळीतल्या वयस्कर मंडळींना विचारलं, तेव्हा सगळे म्हणाले, लोकांना घेऊन मागे फिरा. सकाळी परतायचं, असं उमर यांनी जाहीर केलं. त्यावर अबू उबैदा म्हणाले, "अल्लाहनं ठरवलेल्यापासून पळताय?" उमर म्हणाले, "हो. अल्लाहच्याच एका निर्णयाकडून दुसऱ्या निर्णयाकडे." आणि पुढे विचारलं, दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड असेल, तर तुम्ही उंट हिरव्या बाजूला चारलेत काय किंवा उजाड बाजूला चारलेत काय, दोन्ही अल्लाहच्या निर्णयानंच ना?

मग पैगंबरांचे एक सहकारी, अब्दुर्रहमान बिन औफ, आले. जिथे साथ आहे तिथे जाऊ नका, आणि तुम्ही आहात तिथेच ती आली तर तिथून पळू नका, असं पैगंबरांकडून ऐकल्याचं त्यांनी सांगितलं. अबू उबैदा मात्र शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत वारले. दोघांच्याही श्रद्धेवर कुणी शंका घेत नाही. पण उमर यांनी माहिती घेतली, तीन गटांशी सल्लामसलत केली आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली. यातलं काहीच त्यांना शरणागतीच्या आड आलं नाही.

नुसतं वरवर नमणंही पुरत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरात या अध्यायात (49:14) वाळवंटातले काही अरब 'आम्ही श्रद्धा ठेवली' म्हणतात. त्यांना उत्तर मिळतं की तसं म्हणू नका, 'आम्ही अधीन झालो' एवढंच म्हणा, श्रद्धा अजून तुमच्या मनात उतरलेली नाही. आणि कुरआनची 2:256 ही आयत म्हणते, धर्मात जबरदस्ती नाही. मन नसताना वाकवलेल्या मानेला मोल कुठलं?

आता गुलामीबद्दल. सजद्यात कपाळ टेकतं ते अल्लाहपुढे, आणि ते दुसऱ्या कुणापुढे टेकायचं नाही, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. मला विचाराल तर तोच जास्त महत्त्वाचा. पैगंबरांच्या निधनानंतर, 632 साली, अबू बक्र खलिफा झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं की मी अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताचं ऐकतो तोवर माझं ऐका, मी अवज्ञा केली तर माझं ऐकणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

सत्तेवरच्या सगळ्यांना हे मानवलं नाही, हेही सांगायला हवं. पुढे खिलाफत हाती आलेल्या उमय्या घराण्याच्या काळात 'आमचं राज्य अल्लाहच्या मर्जीनंच आहे' ही भाषा राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. माणूस आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे, असं मांडणाऱ्यांना कदरिया म्हणत. त्यांच्यातल्या गैलान दिमश्कीला खलिफा हिशामच्या कारकिर्दीत ठार मारण्यात आलं. पुढे मुअतझिला आणि अशअरी या धर्मशास्त्रातल्या दोन पंथांच्या लोकांनी अल्लाहची इच्छा आणि माणसाचं स्वातंत्र्य यांवर शतकानुशतकं वाद घातला. त्यामुळे तुमची शंका बाहेरच्या माणसाची आहे असं समजू नका, ती मुसलमानांच्या घरातलीच जुनी आहे.