वाचकांचे प्रश्न : फेरो बेटांवर पायी आणि गाडीने

प्रश्न : जुलैच्या अखेरीस आम्ही चौघे आठ दिवसांसाठी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर जात आहोत. रोज नवे बेट आणि नवा मुक्काम असा बेत आखला आहे. पफिन पक्षी बघायला मिकिनेस बेट परतीच्या आदल्या दिवशी ठेवले आहे. यात काही बदलावे का? (डोंबिवली)

उत्तर : दोन्ही गोष्टी बदला. आधी मिकिनेस. तिथली होडी वागार बेटावरच्या सोर्वागुर गावाहून सुटते, साधारण पाऊण तासाचा प्रवास आहे आणि तिकिटे आगाऊ काढावी लागतात. पण मिकिनेसचा धक्का उघड्या समुद्राला तोंड देऊन आहे. लाटा वाढल्या की होडी लागत नाही आणि फेरी रद्द होते. कधी सकाळची होडी जाते आणि संध्याकाळची येत नाही, मग रात्र तिथेच काढावी लागते. परतीच्या आदल्या दिवशी असे झाले तर विमान चुकेल. म्हणून मिकिनेस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे फेरी रद्द झाली तरी पुढचे दिवस हाताशी राहतील. ऑगस्टच्या मध्यानंतर पफिन समुद्रात निघून जातात, त्यामुळे जुलैची निवड योग्य आहे.

आता मुक्काम. इथली बेटे अठरा असली तरी त्यांतली मुख्य बेटे आता रस्त्याने जोडलेली आहेत. वागार आणि स्ट्रेमोय या बेटांना जोडणारा समुद्राखालचा बोगदा २००२ मध्ये, उत्तरेकडच्या क्लाक्सविक शहराचा २००६ मध्ये, तर ११ किलोमीटरहून थोडा लांब एस्तुरोयचा बोगदा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला. या शेवटच्या बोगद्यात समुद्रतळाखाली चक्क एक गोल चौक आहे. सांदोयचा बोगदा डिसेंबर २०२३ पासून चालू आहे. त्यामुळे राजधानी तोर्सहाव्नमध्ये किंवा एस्तुरोयच्या दक्षिण भागात एकच घर घेतले तर बहुतेक डोंगरवाटा तासाभराच्या अंतरात येतात.

हे फक्त सोयीसाठी नाही. इथे एका बेटावर ढग टेकलेले असताना शेजारच्या बेटावर ऊन पडलेले असते. मुक्काम एकाच ठिकाणी असेल तर सकाळी उघडीप बघून दिशा ठरवता येते. रस्ते सांभाळणाऱ्या लांड्सवेर्क या सरकारी खात्याचे कॅमेरे इंटरनेटवर थेट दिसतात. चहा पिताना खिंडींमधले चार-पाच कॅमेरे पाहा आणि मगच गाडी काढा. हवामानाच्या अंदाजापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आठपैकी किमान दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. आराखडा गच्च भरला की लोक धुक्यातही कड्याकडे निघतात, आणि धोका तिथेच असतो.

परतीच्या वाटेवर कोपनहेगनला एक रात्र राहाच. वागारचा विमानतळ धुक्याने आणि वाऱ्याने अनेकदा बंद राहतो. मुंबईचे पुढचे तिकीट वेगळे काढले असेल तर उशिराची जबाबदारी कुणीच घेत नाही.

प्रश्न : डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा मिळाला आहे. तो पुरेल ना? (विलेपार्ले)

उत्तर : आपोआप पुरत नाही. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत. व्हिसाच्या स्टिकरवर तो फेरोसाठी वैध असल्याची स्पष्ट नोंद हवी. अर्ज करतानाच हे मागायचे असते. पत्रात बेटांवरच्या तारखा लिहा, आरक्षणे जोडा आणि एकापेक्षा जास्त प्रवेशांची विनंती करा. तुमच्या स्टिकरवर ती नोंद नसेल तर तिकिटे पक्की करण्याआधी व्हिसा केंद्राशी बोला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विम्याच्या कागदांतही बघा : नुसते ‘शेंगेन देश’ लिहिले असेल तर फेरोचे नाव घालून घ्या.

प्रश्न : मुंबईत रोज गाडी चालवतो. तिथे वेगळे काय सांभाळावे? (बोरिवली)

उत्तर : आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गावाबाहेर ८० आणि गावात ५० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे.

खरी परीक्षा उत्तरेकडच्या जुन्या, एकपदरी, अंधाऱ्या बोगद्यांत होते. त्यांत ठरावीक अंतरावर ‘एम’ अक्षराची पाटी असलेल्या थांबायच्या जागा आहेत. त्या तुमच्या उजव्या हाताला असतील तर थांबायचे तुम्ही, डाव्या हाताला असतील तर समोरच्याने. समोरचे दिवे जवळ भासतात, पण गाडी अजून लांब असते. तरीही घाई न करता पहिल्याच जागेत शिरा आणि दिवे मंद करा.

मेंढ्या माणसांपेक्षा जास्त आहेत आणि रस्त्यावर मोकळ्या फिरतात. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले की गाडी जवळजवळ थांबवा, कारण दोघांपैकी एक नक्की पळत सुटते. धडक बसली तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपत्कालीन क्रमांक ११२.

समुद्राखालच्या बोगद्यांवर टोलनाका नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि पैसे गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत कापले जातात. ते कसे, हे गाडी घेतानाच विचारा. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरी वाकते, आणि ते नुकसान विम्यात धरले आहे का हे करारात वाचा. तोर्सहाव्न आणि क्लाक्सविकमध्ये गाडी लावताना आल्याची वेळ दाखवणारी तबकडी काचेमागे ठेवावी लागते. गाडीत झोपून किंवा कुठेही तंबू ठोकून राहायला परवानगी नाही.

काल्सोय बेटाला मात्र बोगदा नाही. क्लाक्सविकहून वीस मिनिटांची फेरीबोट आहे, पण तीत मोजक्याच गाड्या मावतात. उन्हाळ्यात गाडी क्लाक्सविकलाच ठेवा, पायी बोटीत चढा आणि पलीकडून त्रोल्लानेस गावाची बस घ्या.

प्रश्न : सह्याद्रीत पावसाळी ट्रेक नेहमी करतो. तिथले सर्वांत उंच शिखर स्लेत्तरतिंदुर ८८० मीटरच आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास निम्मे. मग अवघड काय? (ठाणे)

उत्तर : उंची नाही, उतार आणि थंडी. गाडीरस्त्याच्या खिंडीतूनच चढ सुरू होतो, त्यामुळे चढाई साधारण पाचशे मीटरची आहे. पण वाट ओल्या गवतावरून जाते. आपल्याकडे घसरलो तर कारवी किंवा एखादे झुडूप हाताला लागते. इथे झाडच नाही, आणि किनाऱ्यालगतच्या वाटांवर गवताचा उतार थेट कड्यावर संपतो. म्हणून खोल दातांच्या तळव्याचे, घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट आणि दोन काठ्या हव्यात. उतरताना पाय आडवे टाका.

आपल्या पावसात भिजलो तरी हवा वीस अंशांच्या वर असते. इथे जुलैतही सरासरी अकरा अंशांच्या आसपास, वर जोराचा वारा. भिजलेला सुती टी-शर्ट किंवा जीन्स अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. आत लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारे जॅकेट आणि पँट असे थर ठेवा. पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि माणसाला ढकलतो, म्हणून तो घरीच राहू द्या. कोरडे मोजे आणि हातमोजे पिशवीत बांधून घ्या.

जुन्या गाववाटांवर दगडांचे ढीग रचलेले आहेत. धुके आले तर पुढचा ढीग दिसेपर्यंत हातातला सोडू नका. दिसतच नसेल तर आलेल्या वाटेने परत फिरा. पहिल्या दिवशी तोर्सहाव्न ते किर्क्युबोर गाव ही सुमारे सात किलोमीटरची वाट करा. हवा, बूट आणि आपली चाल तिथेच कळते, आणि शेवटी चौदाव्या शतकाच्या सुमारास बांधायला घेतलेल्या मॅग्नस कॅथेड्रलच्या भिंती बघायला मिळतात.

चराईची जमीन खासगी असते, त्यामुळे काही वाटांवर पैसे भरावे लागतात. त्रेलानिपाचा कडा आणि काल्सोयवरचा काल्लुर दीपस्तंभ या त्यांतल्याच. दर आणि नियम बदलतात, निघण्याआधी ऑनलाइन बघा. कुंपणाचे फाटक उघडले की मागे लावून घ्या. काल्लुरच्या दीपस्तंभापुढची धार अरुंद आहे. वारा असेल तर फोटोसाठीही तिच्यावर जाऊ नका.

प्रश्न : आई-बाबा शाकाहारी आहेत. जेवणाचे काय? (दादर)

उत्तर : स्वयंपाकघर असलेले घरच घ्या. तोर्सहाव्नबाहेर शाकाहारी जेवण मिळेल असे धरून चालू नका. भाजणी, पोहे, मेतकूट, डाळ आणि मसाले इथून न्या. तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, कोपनहेगनला उतरताना युरोपीय संघाची त्यांना बंदी आहे. दूध, दही, भाज्या, तांदूळ, बटाटे तिथल्या दुकानांत मिळतात. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच दोन दिवसांचे सामान भरा आणि रविवारच्या ट्रेकचा डबा घरूनच बांधून न्या.