मुलांना ॲलर्जीची इंजेक्शनं देणं सुरक्षित असतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी निघाली आहे, नाक बारा महिने गळतं आणि मधूनमधून दमाही उठतो. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे हीच ॲलर्जीची इंजेक्शनं, सुचवली आणि घरी सासूबाई म्हणाल्या, "ज्याचा त्रास होतो तेच पोराच्या अंगात टोचायचं?"

सासूबाईंना मी शंभर मार्क देईन. खरंच तेच टोचतात. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून पाहिला, तेव्हापासून पद्धत तीच आहे. नखाएवढ्या मात्रेपासून सुरुवात करायची आणि शरीराला सवय होईल तसं चढवत जायचं. त्यामुळे कधीतरी रिॲक्शन येणार, हे धरूनच चालायचं असतं.

मी बारा वर्षं लहान मुलांच्या ॲलर्जी विभागात सिस्टर आहे. औषध ठरवणं डॉक्टरांचं काम, पण सुई माझ्या हातात असते आणि नंतरचा अर्धा तास मूल माझ्या डोळ्यांसमोर असतं. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

दंडावर टोचल्या जागी लाल होणं, खाजणं, लिंबाएवढी सूज येणं हे बहुतेकांना होतं. बर्फ लावला की दिवसभरात उतरतं. अंगभर रिॲक्शन, म्हणजे गांधी उठणं, शिंका, खोकला, छातीत घरघर, ही साधारण हजार इंजेक्शनांत एक-दोनदा दिसते आणि त्यातल्याही बहुतेक सौम्य असतात. जिवावर बेतणं फारच दुर्मिळ. अमेरिकेतल्या जुन्या पाहण्यांत पंचवीस लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू असा अंदाज निघाला होता. आकडा शून्य नाही आणि तो शून्य आहे असं सांगणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका.

पण हे मृत्यू कोणाचे होतात, ते बघा. ब्रिटनमध्ये १९८६ साली औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने १९५७ पासूनच्या २६ मृत्यूंची नोंद समोर ठेवली. ज्यांचा मूळ आजार कागदावर होता, ते जवळजवळ सगळे दम्याचे रुग्ण होते. त्यानंतर तिथे काही वर्षं इंजेक्शन झाल्यावर दोन तास थांबवून ठेवायचा नियम होता. माझंही मत तेच झालंय: धोका कुपीत कमी आणि त्या दिवशीच्या छातीत जास्त असतो. दमा ताब्यात असलेल्या मुलाला इंजेक्शन देताना माझा हात थरथरत नाही. काल रात्री खोकून जागलेल्या मुलाला मी ते देतच नाही.

इथे मोठी मुलं फसवतात. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा धापा टाकत आला, म्हणे जिने चढून आलो. श्वासाचा जोर मोजायच्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावलं, तर आकडा त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच खाली. तीनदा फुंकून तेच. मग हळूच कबूल केलं की आठवडाभर पंप घेतलाच नाही, आईला माहीत नाही, आणि आजचं इंजेक्शन चुकलं तर परत यावं लागेल म्हणून बोललो नाही. त्या दिवशी त्याला तसंच घरी पाठवलं. आई चिडली, माझ्यावरच! पण नियम असा आहे की दमा उठलाय, ताप आहे किंवा अंगावर गांधी आहेत, तर इंजेक्शन पुढे ढकलायचं.

एकदा रिॲक्शनही जवळून पाहिली आहे. दहा वर्षांची मुलगी, मात्रा चढवण्याचा काळ चालू. बाराव्या मिनिटाला चित्रांची वही बाजूला ठेवून तळहात खाजवायला लागली. मग दोन शिंका, मग कोरडा खोकला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन, म्हणजे अशी रिॲक्शन थांबवायचं औषध, दिलं, वजन तीस किलो म्हणून ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.०१. दहा मिनिटांत खोकला थांबला. त्या दिवशी तिला बराच वेळ थांबवून ठेवलं आणि पुढची मात्रा डॉक्टरांनी खाली आणली. पुढे कोर्स पूर्ण झाला. ती मिनिटं रिक्षात गेली असती तर काय, हा विचार मला अजून येतो. गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या तीस मिनिटांतच येते, म्हणून तो अर्धा तास. "आम्ही खाली गाडीत बसतो" म्हणणाऱ्यांशी मी दर आठवड्याला भांडते.

जिथे जाल तिथे विचारा: ॲड्रेनलिन कुठे ठेवलंय? सुईआधी छाती तपासता का? कुपीवरचं नाव आणि मात्रा दोघं जण वाचतात का? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण चुकीची कुपी किंवा चुकीची मात्रा हे रिॲक्शनचं एक नेहमीचं कारण आहे. घरी नेऊन इंजेक्शन द्या असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या.

जिभेखालच्या थेंबांचा किंवा गोळ्यांचा पर्याय असेल तर तोही विचारा. अंगभर गंभीर रिॲक्शन त्यात बरीच कमी, म्हणून पहिला डोस दवाखान्यात आणि पुढचे घरी. सुरुवातीचे दिवस तोंड, ओठ, कान खाजतात. तुमच्या मुलाचे दुधाचे दात पडायचं वय आहे. दात पडला किंवा तोंड आलं की जखम भरेपर्यंत थेंब बंद. गिळताना दुखायला लागलं किंवा घास अडकतोय म्हणाला, तर थेंब थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा.

इंजेक्शनं असोत की थेंब, यात स्टेरॉइड नसतं, त्यामुळे उंची खुंटेल ही भीती सोडा. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, कारण घशात काहीतरी होतंय हे त्यांना सांगता येत नाही. शेंगदाण्यासारख्या खाण्याच्या ॲलर्जीवरची तोंडाने द्यायची थेरपी वेगळी, तिथे रिॲक्शन खूप जास्त येतात. दोन्हींची सरमिसळ करू नका, नेटवर ती सर्रास दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षं इंजेक्शनं देऊन युरोपात त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यात नव्याने दमा होण्याचं प्रमाण कमी दिसलं. तुमच्या मुलाला दमा आधीच आहे, त्यामुळे हा फायदा त्याला तसाच लागू नाही, पण नाक आणि औषधं या दोन्हींत फरक पडू शकतो. तीन ते पाच वर्षं नेमाने जावं लागतं, हे मात्र मनात पक्कं करूनच सुरू करा.

आधी दमा महिना-दोन महिने ताब्यात आणा, मग तारीख घ्या. पहिल्या दिवशी त्याचं आवडतं पुस्तक घेऊन या आणि त्या संध्याकाळी खेळायला सोडू नका. सासूबाईंनाही आणा, कोणाचं पोर तळहात खाजवतंय हे आज्यांना आमच्याआधी दिसतं.