सगळे गेले, मी एकटीच कॅम्पसवर

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत ॲरिझोनामध्ये टेंपीला एमएस करतेय. पहिलं वर्ष संपलं, रूममेट्स इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात गेल्या, मला लॅबमध्ये काम मिळालं म्हणून मी थांबले. आता कॅम्पस नुसता ओस पडलाय, बाहेर ४३-४४ डिग्री. लॅबमधून आले की पडदे ओढून लॅपटॉप बघत पडते, झोप लागते पहाटे तीनला, उठल्यावर डोकं दुखतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आईला मात्र फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणते. ऑगस्टपर्यंत कसे दिवस काढू?

उत्तर : अगं, तुझा अर्धा त्रास उन्हाचा आणि जागरणाचा असावा आणि तू तो सगळा एकटेपणाच्या खात्यात टाकतेयस असं मला वाटतं. तिकडची हवा कोरडी, घाम आल्या आल्या उडून जातो, अंग ओलं लागतच नाही, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. तहानेची वाट बघू नकोस. बाहेर फार फिरणं झालं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे (टीस्पून) साखर नि अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडं थोडं पी. तरी डोकं दुखत राहिलं तर हेल्थ सेंटरला दाखव. आणि कधी एसी बंद पडला तर फॅनवर भागवू नकोस, खोली पस्तिशीच्या वर तापली की फॅन गरम हवाच अंगावर मारतो, सरळ लायब्ररी गाठ.

संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेर पडू, हा आपला नेहमीचा हिशोब तिथे चालत नाही. २०२३ मध्ये तुझ्या शेजारच्या फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला होता, आणि तापलेलं डांबर-काँक्रीट रात्रीही गारवा येऊ देत नाही. बरी वेळ एकच, पहाट. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत म्हणून जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधी उठून टाउन लेकच्या काठाने चालून ये. त्या वेळी तिथे धावणारे, कुत्री फिरवणारे असतात, चार दिवस दिसलीस की आपणहून हात करतात. पहाटे उठलीस की रात्रीची झोपही हळूहळू जागेवर येईल.

पीएचडीवाले बहुतेक उन्हाळाभर तिथेच असतात, आणि त्यांनाही कंटाळा येतोच! शेजारच्या लॅबमध्ये जाऊन विचार, आठवड्यातून दोनदा एकत्र जेवायचं ठरवा, वार ठरलेला असू दे, नाहीतर ते राहूनच जातं.

आणि आईला खरं सांग गं. तुझा आवाज उतरलाय हे तिला कळत असणारच, फक्त कारण माहीत नसल्यामुळे ती नको नको ते मनात आणत बसेल.

एवढं करूनही दोन आठवड्यांत मन उचल खात नसेल तर युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंगला जा, आणि जीव नकोसा वाटला तर कुठल्याही वेळी ९८८ या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज कर, त्याला पैसे पडत नाहीत.