वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबरच?

प्रश्न : नागपूरच्या नंदनवनात आमच्या वरच्या मजल्यावर सहा विद्यार्थी भाड्याने राहतात. वायफाय एकच. पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर. जिन्यात कागदावर लिहूनही ठेवलाय. राउटर नवा, डब्ल्यूपीए-२ (वायफायची सुरक्षा पद्धत) वाला आहे. तरी धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यात राउटरची चूक नाही. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. गल्लीत उभा राहून कुणीही ते लॅपटॉपवर टिपू शकतो आणि पासवर्डचे अंदाज घरी बसून लावतो. राउटरला पत्ताही लागत नाही. हिशेब करा : आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ५ लाख तपासतं. सव्वादोन तासांत सगळे संपले. (तुमचा नंबर तर गेटवरच्या ‘खोली भाड्याने देणे आहे’ पाटीवर असेलच, मग तेवढेही कष्ट नकोत.) काही जण पासवर्ड म्हणून लँडलाइन नंबर ठेवतात. ०७१२ नंतर २ ने सुरू होणारे सात आकडे धरले तर १० लाख शक्यता, म्हणजे दोन सेकंद.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत जोडून लिहा : तर्री, कूलर, बैलगाडी, चष्मा असे काहीतरी. हेच नको, ते आता छापून आलेत.

एखादा विद्यार्थी खोली सोडून गेला तरी पासवर्ड बदलला जात नाही, कारण बदलला की टीव्ही, कॅमेरा, इन्व्हर्टर सगळंच नव्याने जोडावं लागतं. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ (त्याच राउटरवरचं वेगळ्या पासवर्डचं वायफाय) चालू करा आणि मुलांना तेवढंच द्या. खोली रिकामी झाली की फक्त त्याचा पासवर्ड बदला. गेस्टवरून घरची उपकरणं दिसू नयेत, असा पर्यायही तिथेच असतो. तो चालू आहे ना ते पाहा. जिन्यातला कागद काढून क्यूआर चिकटवला तरी फरक नाही, पासवर्ड त्यात उघडाच असतो.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे १० कोटींऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात. ही खोट २०११ मध्येच उघड झाली. नेट अडकलं म्हणून कुणी टाचणी खुपसून राउटर रीसेट केला, तर ही सगळी सेटिंग्ज पुसली जातात. त्यानंतर पुन्हा तपासा.

प्रश्न : रेल्वे स्टेशनवर एकाच नावाची दोन वायफाय दिसली. खरं कोणतं?

उत्तर : नावावरून कळत नाही, नाव कुणीही ठेवू शकतो. स्टेशनच्या वायफायने मोबाइलवर ओटीपी पाठवणं नेहमीचं आहे, पण यूपीआय पिन किंवा कार्डाचा नंबर मागितला तर लगेच बाहेर पडा. ब्राउझरमध्ये ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा प्रमाणपत्राचा इशारा आला तर ‘पुढे जा’ दाबू नका. पैशाचे व्यवहार मोबाइल डेटावर करा. घरी आल्यावर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा, नाहीतर त्या नावाचं बिनपासवर्डचं नेटवर्क सीताबर्डीवर दिसलं तरी फोन न विचारता जोडला जाईल.