तीन अठ्ठ्या आणि फुकटात दाखवलेलं पान

प्रश्न: आम्ही मित्र दर शनिवारी चिंचोके लावून टेक्सास होल्डेम (पोकर: दोन पानं हाती, पाच सगळ्यांसाठी मधे उघडी) खेळतो. परवा माझ्या हाती अठ्ठीची जोडी होती. फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी, इस्पिकची तिर्री. तीन अठ्ठ्या झाल्या म्हणून मी दबा धरला, चेक केलं, म्हणजे काही न लावता डाव पुढे जाऊ दिला. समोरच्यानेही चेक केलं. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदामाची पंजी आली, त्याचा फ्लश झाला: पाचही पानं बदामाची, तीन अठ्ठ्यांना भारी. भारी पानं अशी लपवणं फायद्याचं असतं का? लगेच बेट लावली तर सगळे पानं टाकून पळतील ना?
— एक वाचक, घणसोली

उत्तर: फ्लशचं दुःख सोडा, बदाम काही दर वेळी येणार नव्हता. हाती दोन बदाम असलेल्याला उरलेल्या 9 बदामांपैकी एक पुढच्याच पानावर मिळण्याची शक्यता 19 टक्के, म्हणजे पाचांत एकदा. ते पान तुम्ही त्याला फुकट दाखवलंत, हे मात्र खरं.

मला जास्त लागतं ते दुसरं नुकसान. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैजेत, 40 चिंचोके आहेत असं धरा. फ्लॉप, टर्न आणि शेवटचं पान अशा तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या निम्मी बेट लावलीत आणि समोरच्याने कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले, तर तो 20, 40, 80 असे 140 चिंचोके देतो. फ्लॉपला चेक केलंत की उरतात दोनच फेऱ्या: 20 आणि 40. एका चेकपायी 140 चे 60 झाले! मी नौपाड्यातल्या आमच्या घरी हा हिशेब सतरंजीवर चिंचोके मांडूनच जावेला दाखवला. दोन ढिगांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

दबा धरावा असे डाव असतात, पण थोडे. मागच्या दिवाळीत माझ्या हाती राजाची जोडी होती आणि फ्लॉपवर राजा, अठ्ठी, अठ्ठी. फुल हाउस: तीन राजे, दोन अठ्ठ्या. पुढच्या पानाची भीती जवळजवळ नाही, आणि कॉल करण्याजोगं कोणाकडे काही असण्याचीही शक्यता कमी. शिवाय धाकट्या दिरांना कोणी चेक केलेला पॉट तसाच सोडवत नाही. मी चेक केलं, त्यांनी स्वतःहूनच बेट लावली.

तुमच्या फ्लॉपवर राजावाला पळत नाही, बदामवालाही पळत नाही. जो पळेल त्याच्याकडून पुढेही फारसं मिळणार नव्हतं. तेव्हा 20 सरकवा. आणि हाती नुसते दोन बदाम असतानाही अधूनमधून तेवढेच 20 सरकवत जा, म्हणजे तुमच्या बेटवरून तीन अठ्ठ्या कोणाला ओळखता येणार नाहीत.